त्या भिंतीवर तिचं नाव नको

प्रमिला नाखवा गेल्याची बातमी मला कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. प्राचार्यांनी टाकली होती. समईचं चित्र, त्याखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि प्रमिलाच्या नावातला 'मि' दीर्घ. जिचं नाव इतकी वर्षं मस्टरवर यांच्या नजरेखालून गेलं, ती मेली तेव्हाही ते नीट लिहिता आलं नाही. मी गॅस बंद केला आणि उरणजवळच्या मोऱ्याला तिच्या भावाला फोन लावला. "सकालीच गेली," तो म्हणाला. "चाय मागितली, नि चाय येईस्तवर..." मागे कुणीतरी बाई रडत होती. तेवढ्या वेळात माझा फोन हातात थरथरतच होता. ग्रुपवर जोडलेले हात येत होते, गुलाब येत होते, एकाने तर चुकून वाढदिवसाचा केक पाठवला आणि लगेच काढून टाकला. प्रमिला असती तर तिने तो केक सगळ्यांत प्रामाणिक ठरवला असता.

आता काही आठवडे झालेत. पुरवणीच्या संपादकांनी मला लिहायला सांगितलं आणि "जरा हळवं असू द्या" असंही सुचवलं. संपादक सज्जन आहेत, पण त्यांनी प्रमिलाला पाहिलेलं नाही. मी मराठी शिकवते, ती भूगोल शिकवायची, आणि स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या वर्षानुवर्षं शेजारी होत्या. ती मला आडनावानेच हाक मारायची, "ए दीक्षित." माझं हळवं लिखाण वाचून ती नाकातून एक 'हं' काढायची. त्या 'हं'मध्ये एवढं काही असायचं की समोरच्याने पुन्हा तोंड उघडण्याआधी विचार करावा.

प्रमिलाला माणसांचा तिटकारा आहे असं आमच्या स्टाफरूममध्ये म्हणत. ते खोटं. तिला ढोंगाचा तिटकारा होता. आता आमच्या स्टाफरूममध्ये माणसं आणि ढोंग वेगवेगळं काढणं जरा अवघड जायचं, हा काही तिचा दोष नव्हे. विद्यार्थ्याला एखादी गोष्ट येत नसली तर ती कधी हसली नाही. सह्याद्री कुठल्या बाजूला हे न सांगता येणाऱ्या मुलाला ती गच्चीवर घेऊन जायची, पनवेलजवळच्या नेऱ्याकडचे डोंगर दाखवायची आणि म्हणायची, "हा बघ, रोज तुझ्या पाठीमागे उभा असतो." पण तेच एखाद्या प्राध्यापकाने भाषणात 'सह्याद्रीच्या कुशीत वसलेली आपली संस्था' म्हटलं की तिचा 'हं' पार शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा.

ती मोऱ्याची. वडिलांची छोटी होडी, आई उरणच्या बाजारात मासे विकायची. कोळ्यांच्या घरातली मुलगी प्राध्यापक झाली याचं आमच्या संस्थेला फार कौतुक होतं, आणि त्या कौतुकाचा तिला फार कंटाळा. एका स्नेहसंमेलनात कार्याध्यक्षांना वाटलं की नाखवा मॅडमनी डोक्यावर टोपली घेऊन कोळीनृत्यात एक फेरी मारावी, म्हणजे कसं 'ऑथेंटिक' वाटेल. प्रमिला म्हणाली, "माझी आई टोपली घेऊन निघायची तेव्हा तिच्या पाठीवर ओलं बर्फाचं पाणी गळायचं. ते पण स्टेजवर आणणार का?" कार्याध्यक्ष हसले. त्यांना तो विनोद वाटला.

या कार्याध्यक्षांचं नाव मी लिहिणार नाही. नाव छापून यायची त्यांना इतकी हौस आहे की तेवढं सुख माझ्या हातून त्यांना मिळू नये. सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही दादाच म्हणते. प्लॉट विकून आणि इमारती बांधून झाल्यावर उरलेल्या वेळात ते शिक्षणाकडे वळले. कॉलेजच्या आवारात त्यांचा हात जोडलेला फोटो जिथे नाही अशी जागा शोधायची तर छतावरच्या टाकीच्या मागे जावं लागेल.

चार वर्षांपूर्वी आमच्याकडे मूल्यांकन समिती यायची होती. समिती येणार म्हटलं की कॉलेजात एरवी नसलेल्या गोष्टी उगवतात. कुंड्या येतात, सूचनापेट्या येतात, नळाला पाणी येतं. कुणीतरी दादांच्या कानात घातलं की समितीला 'विविधता' आणि 'आपलेपणा' या दोन गोष्टी दिसल्या पाहिजेत. कशा दिसतील? तर भिंतीवर. मुख्य इमारतीसमोरच्या लांब भिंतीवर विद्यार्थ्यांनी मिळून मोठं चित्र काढायचं. खारघरच्या एका जाहिरात कंपनीकडून नमुनाही आला होता. मध्ये पृथ्वीचा गोळा, भोवती हातात हात धरून उभी राहिलेली मुलं: एक नऊवारीतली, एक पगडीवाला, एक बुरख्यातली, एक लुंगीवाला, आणि एक डोक्याला पिसं लावून हातात धनुष्य घेतलेला. सगळ्यांचे चेहरे मात्र एकच, तेवढे बदलायला कंपनीला वेळ झाला नसावा. वर कबुतरं. खाली अर्थातच दादा.

बैठकीत तो कागद फिरत फिरत प्रमिलापर्यंत आला. तिने चष्मा पुसून पाहिला. "हा पिसंवाला कुठल्या वर्गातला?" तिने विचारलं.

"तो आदिवासी आहे मॅडम," प्राचार्य समजुतीच्या स्वरात म्हणाले. "प्रतीक म्हणून."

"आपल्याकडे कातकऱ्यांच्या, ठाकरांच्या पोरी जीन्स घालून येतात. पिसं लावून फक्त तुमचं प्रतीक येतं."

बैठकीत कुणी हसलं नाही, कारण दादा हसले नव्हते. पण हे काम कुणाच्याच गळ्यात नको होतं, आणि प्रमिलाने एकदा भूगोल विभागाच्या भिंतीवर मुलांकडून पनवेलच्या खाडीचा सुरेख नकाशा काढून घेतला होता. तेव्हा तिच्याच गळ्यात पडलं. दादांना वाटलं असणार की बाई कटकट करेल आणि शेवटी तोच नमुना रंगवेल. दादांनी आयुष्यात भिंती पुष्कळ विकल्या, पण माणसं ओळखली नाहीत.

प्रमिलाने मुलांना सभागृहात बोलावलं. मीही गेले, तिनेच ओढून नेलं. आपलेपणा म्हणजे काय यावर एका मुलाने लगेच भाषण सुरू केलं, तिने त्याला खाली बसवलं. मग सगळ्यांना एकच प्रश्न विचारला, "लेक्चर नसतं तेव्हा कॉलेजात तुम्ही कुठे बसता?" मुलं आधी हसली. मग उत्तरं यायला लागली. कुणी कँटीनची डावीकडची टेबलं सांगितली, कुणी पार्किंगमधल्या बाईक. मुलींनी जिन्याच्या पायऱ्या सांगितल्या. मणिपूरहून आलेला, खारघरला खोली घेऊन राहणारा तोंबा नावाचा मुलगा म्हणाला, "वॉटर टँक के पीछे, मॅडम." का, तर तिथे कुणी काही विचारत नाही. प्रमिला म्हणाली, "ठीक आहे. भिंत म्हणजे आपलं कॉलेज, वरून बघितल्यासारखं. जो जिथे बसतो, त्याने ती जागा काढायची आणि त्यात स्वतःला काढायचं. आपण सगळे एक आहोत हे नंतर बघू. आधी कोण कुठे आहे ते तर कळू दे."

मला तेव्हाही कळलं की ही बाई चित्र काढत नाहीये, नकाशा काढतेय. आणि नकाशात खोटं बोलता येत नाही, असं ती वर्गात नेहमी सांगायची.

पुढचे काही आठवडे दुपारच्या उन्हात ती भिंत हळूहळू भरत गेली. आधी जो तो आपापल्या तुकड्यापुढे पाठमोरा बसून रंगवायचा, जसा एरवी बसतो तसाच. भांडणं झाली ती सीमेवर. कँटीन जिथे संपतं तिथे जिना सुरू होतो, मग मधली भिंत कुणी काढायची? त्यासाठी बोलावं लागलं. जिन्यावरच्या मुलींना कँटीनवाल्यांकडे ब्रश मागायला जावं लागलं. एक दिवस तर तोंबाच्या टाकीची सावली नेमकी कुठे पडते यावर दहाबारा जण खऱ्या टाकीपाशी जाऊन उभे राहिले. त्यातल्या बऱ्याच जणांनी टाकीच्या मागे आयुष्यात पहिल्यांदा पाऊल टाकलं होतं. प्रमिला लांब बदामाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसायची आणि कुणी विचारल्याशिवाय तोंड उघडायची नाही.

पार्किंगचा भाग प्रथमेश आणि त्याच्या मित्रांकडे होता. प्रथमेश दादांचा सख्खा पुतण्या. वडिलांचा टेम्पोचा धंदा, बापाने घेऊन दिलेली बाईक, आवाज मोठा. त्यांनी पार्किंग एवढं ऐसपैस काढलं की ते फाटकापर्यंत पोचलं. आणि फाटकाशी सुरेखा वाघमारेचा तुकडा होता. सुरेखा नेऱ्याच्या पलीकडच्या एका कातकरी वाडीतून यायची. तिने कॉलेजचं फाटक काढलं होतं आणि त्याच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला उभी असलेली एक मुलगी. प्रथमेशच्या बाईकचं चाक त्या मुलीच्या पायावर आलं होतं.

"मॅडम, हिला बोला ना, आत काढ म्हणून," प्रथमेश तक्रार घेऊन आला. "ही कॉलेजमधी येते ना? मग बाहेर कशी काढली? आमची जागा पण खाल्ली."

प्रमिलाने सुरेखाकडे पाहिलं. सुरेखा ब्रश धुवत होती. वर न बघता म्हणाली, "मी आत बसत नाय मॅडम. लेक्चर सुटलं का बाहेर उभी राहते, गाडी येईस्तोवर."

"कधीच नाही बसलीस?"

"पयल्या वर्षाला कँटीनला गेलती. ते बोलले, ही टेबलं आमची हायत."

"आमी कुणाला उठवलं नाय," प्रथमेश चिडून म्हणाला. "मॅडम, शप्पथ. आमी कुणालापन उठवलं नाय."

"उठवलं नाय," सुरेखा म्हणाली. "मी बसलीच नवती."

जिन्याच्या तुकड्यावरची एक मुलगी रडायला लागली आणि प्रमिलाने तिकडे नजर टाकली. "ए, रडू नका तिथे. रंग पातळ होतो." एवढंच. दुसरी एखादी शिक्षिका असती तर तिथल्या तिथे प्रथमेश आणि सुरेखाला हात मिळवायला लावून फोटो काढून घेतला असता. प्रमिला आपल्या खुर्चीत जाऊन बसली. प्रथमेश पाय आपटत गेला, नंतर बरेच दिवस भिंतीकडे फिरकला नाही. मग एका दुपारी आला, कुणाशी न बोलता पांढरा रंग घेतला आणि पार्किंग अर्धं पुसून टाकलं. फाटकाच्या बाहेर सुरेखाच्या मुलीला उभं राहायला भरपूर जागा झाली. मी प्रमिलाला म्हटलं, "सुधारला गं पोरगा." ती म्हणाली, "सुधारला बिधारला काही नाही. त्याला माप कळलं. तेवढं पुष्कळ आहे."

भिंतीवर आणखी एक गोष्ट आपोआप उमटली. एवढ्या मुली जिन्यात का बसतात? कारण मुलींची खोली कुलपात होती. पायऱ्यांवरच्या मुलींनी जिन्याच्या वर ती खोली काढली आणि दारावर भलंमोठं पिवळं कुलूप. आम्ही त्या दारावरून रोज जायचो. कुलूप इतक्या वर्षांचं होतं की आम्हाला ते दाराचाच भाग वाटायला लागलं होतं.

चित्र पुरं व्हायला आलं आणि दादा पाहायला आले. बरोबर प्राचार्य, आणि नेहमीचे चारसहा मान डोलावणारे. दादांनी आधी आपला फोटो शोधला. तो नव्हता. मग कुलपाकडे बघितलं, टाकीमागच्या तोंबाकडे बघितलं, आणि फाटकापाशी थांबले.

"ही पोरगी बाहेर कशी?"

"ती बाहेरच असते," प्रमिला म्हणाली.

"नाय नाय. समिती काय म्हनेल? आपल्याकडे भेदभाव होतो? तिला आत घ्या. आनि हे कुलूप काढून टाका."

"दोन्ही करू," प्रमिला शांतपणे म्हणाली. "तुम्ही आधी खोलीचं खरं कुलूप काढा, म्हणजे मुली चित्रातलं काढतील. आणि सुरेखाला आत घ्यायची तर कँटीनमध्ये जाऊन तुम्हीच टेबलं कुणाची ते सांगा. भिंतीवर आत घ्यायला काय, एक ब्रश पुरतो."

दादांचा चेहरा मी विसरणार नाही. त्यांना राग आला नव्हता, त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. चित्रातलं बदलण्यासाठी खरं बदलायचं, हा विचार त्यांच्या डोक्यात कुठल्याच दाराने शिरेना. प्राचार्यांनी मध्ये पडून "बघू, बघू" केलं. हे प्राचार्य म्हणजे आयुष्यभर 'बघू' म्हणत आले आणि कधी काही बघितलं नाही.

मग गणपतीची सुट्टी लागली. सुट्टीत खारघरच्या कंपनीची माणसं आली आणि मुलांच्या चित्रावर पांढरा हात मारून त्यांनी पृथ्वीचा गोळा, कबुतरं, पिसंवाला, सगळं नमुन्याबरहुकूम रंगवून टाकलं. खाली अक्षरं लिहिली: 'विद्यार्थ्यांनी साकारलेले भित्तिचित्र'. सुट्टी संपवून मुलं आली आणि भिंतीसमोर थांबली. तोंबाने मोबाईल काढून एक फोटो घेतला आणि चालता झाला. सुरेखा त्या दिवशी वर्गातच आली नाही. प्रमिला भिंतीपर्यंत चालत गेली, ताज्या रंगावर बोट ठेवलं, बोटाला लागलेला निळा रंग रुमालाला पुसला. मला वाटलं ती आता ओरडेल. ती म्हणाली, "दीक्षित, यांना साधं खोटंसुद्धा स्वतःच्या हाताने बोलता येत नाही गं. त्यालाही कंत्राटदार लागतो." तिचा आवाज मात्र नेहमीसारखा नव्हता. त्या दिवशी तिने डबा उघडला नाही.

समिती आली. कुंड्या हसत होत्या. अध्यक्षा परगावच्या एक वयस्क बाई होत्या, चालताना थकत होत्या. दादांनी त्यांना भिंतीसमोर नेलं आणि विविधतेवर बोलले. मग सूत्रसंचालकाने, कुणी काय लिहून दिलं होतं देव जाणे, "या चित्राच्या मार्गदर्शिका प्रा. नाखवा दोन शब्द बोलतील" असं जाहीर केलं. प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले. ते डोळे मिटण्यात तरबेज.

"हे चित्र आमचं नाही," प्रमिला म्हणाली. "आमचं याच्या खाली आहे. मुलांनो, दाखवा."

हे ठरलेलं नव्हतं. मी शपथेवर सांगते, ठरलेलं नव्हतं, कारण मुलंही गोंधळली होती. मग तोंबा गेला आणि कबुतरांच्या खाली हात ठेवून म्हणाला, "मैं यहाँ हूँ. टँक के पीछे." मग जिन्यातल्या मुली गेल्या, लुंगीवाल्याच्या पोटावर हात ठेवून म्हणाल्या, "आम्ही इथे." हळूहळू भिंत मुलांनी भरली. सुरेखा सगळ्यांत टोकाला, जिथे रंगवलेला भाग संपतो तिथे जाऊन उभी राहिली. प्रथमेश आपल्या जागी जायला निघाला, दादांची नजर त्याच्यावर होती. तो थांबला. मला वाटलं, हा आता मागे फिरणार. पण तो गेला आणि सुरेखाच्या अलीकडे, पार्किंग जेवढं उरलं होतं तेवढ्यात उभा राहिला. "मी इकडं," तो म्हणाला. सवयीच्या त्या मोठ्या आवाजात.

यानंतर काय व्हायला हवं होतं ते वाचकांना वाटेल. तसं काही झालं नाही. समितीने कागद तपासले, कॉलेजला चांगली श्रेणी मिळाली, दादांचा सत्कार झाला. श्रेणी देणाऱ्यांविषयी माझं मत मी इथे लिहीत नाही, संपादकांना त्रास नको. पण एक गोष्ट घडली. त्या अध्यक्षाबाईंनी मुलांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं, आणि निघताना त्या म्हणाल्या, "मी जरा मुलींच्या खोलीत टेकते." चावी सापडेना. शिपाई धावले, प्राचार्य धावले, शेवटी कुलूप तोडलं. दार उघडलं आणि आतून दादांच्या वाढदिवसांचे फ्लेक्स सरकत बाहेर आले. वर्षावर्षाचे दादा, जोडलेल्या हातांचे, एकावर एक, बाईंच्या पायांशी. त्यांनी पायाने एक दादा बाजूला सारला आणि आत गेल्या. त्या दिवसापासून ती खोली उघडी आहे. तोडलेल्या कुलपाच्या जागी नवं लावायची हिंमत पुन्हा कुणाला झाली नाही.

प्रमिलाला मेमो मिळाला. पुढच्या वर्षी तिची सगळी कामं काढून घेतली, सहलही काढून घेतली. ते तिला लागलं. मुलांना मिठागरांवर नेऊन उन्हात उभं करणं ही तिची एकमेव चैन होती. ती निवृत्त झाली तेव्हा निरोप समारंभाला ती गेलीच नाही, आणले होते ते पेढे स्टाफने खाल्ले. नंतर हृदयाचं दुखणं बळावलं, ती मोऱ्याला भावाकडे राहायला गेली. मी शेवटची भेटायला गेले तेव्हा ती ओटीवर बसून जेट्टीकडे बघत होती. कॉलेजचं काय चाललंय विचारलं. मी सांगितलं, भिंत अजून तशीच आहे. "आणि खोली?" उघडी आहे, म्हटलं, पोरी आत नुसता गोंधळ घालतात. तिने 'हं' केलं. हा 'हं' मी पूर्वी कधी ऐकला नव्हता...

कॉलेजात शोकसभा झाली ती त्याच भिंतीसमोर. सभागृहात दादांच्या दुसऱ्या कार्यक्रमाची तयारी चालली होती. प्रमिलाचा फोटो पिसंवाल्याच्या पायाशी टेबलावर ठेवला होता. प्राचार्य म्हणाले, नाखवा मॅडम म्हणजे चालतं बोलतं हास्य. शेजारची प्राध्यापिका माझ्या कानात म्हणाली, "मी तर त्यांना कधी हसताना पाहिलं नाही." मग दादा उभे राहिले. मॅडमनी घडवलेली ही भिंत संस्थेचं भूषण आहे, तेव्हा आजपासून या भिंतीला मॅडमचं नाव. कपडा बाजूला झाला. चकचकीत पितळी पाटी, 'प्रा. प्रमिला नाखवा यांच्या स्मरणार्थ'. इथे मात्र 'मि' ऱ्हस्व होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत.

मला बोलायचं होतं, मी उठलेही, पण माझ्या आधी मागून आवाज आला. प्रथमेश. तो केव्हाच पास होऊन बापाच्या धंद्यात गेला होता, तरी सभेला आला होता.

"काका, ह्या चित्राखाली मॅडमचं नाव नको."

दादा माइकवरूनच म्हणाले, "बस खाली."

"बसतो. पन नाव नको. मॅडमनी हे नाय काढलं. आमी काढलेलं, ते तुमी पुसलंत."

दादांनी राष्ट्रगीत सुरू करायला सांगितलं. सभा संपवायचा तो त्यांचा हुकमी उपाय आहे. राष्ट्रगीतात कुणाला बोलता येत नाही.

पाटी भिंतीवरच राहिली, पण आठवडाभर. एका दुपारी प्रथमेश ड्रिल मशीन घेऊन सरळ फाटकातून आला, वॉचमनला म्हणाला, दादांनी पाठवलंय. दादांच्या पुतण्याला कोण अडवणार? त्याने पाटी उतरवली, वर गेला, मुलींच्या खोलीच्या दारावर लावली, आणि दोन स्क्रू जास्तीचे मारले. हे मी लिहू का, असं मी त्याला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "लिवा मॅडम. काका पेपर वाचीत नाय, सोताचा फोटो असल तरच बघतो."

दादांना कळलं तेव्हा ते संतापले, पण दिवंगत प्राध्यापिकेच्या नावाची पाटी उपटून काढणं वाईट दिसलं असतं. दिसण्यापुढे दादांचं काही चालत नाही. आता ते पाहुण्यांना सांगतात की मुलींच्या खोलीला मॅडमचं नाव द्यायची कल्पना त्यांचीच.

परवा लेक्चर संपवून मी त्या दारावरून जात होते. आत नेहमीचा गलका. कुणी केस विंचरतंय, कुणी पाय वर घेऊन नोट्स लिहितंय, कोपऱ्यात दोघी एकाच डब्यातून भाकरी खातायत. यंदाच्या या सगळ्या नव्या मुली, त्यांच्यापैकी कुणीच प्रमिलाला पाहिलेलं नाही. दाराशी उभी राहून पाटी वाचणारी एक मुलगी मला म्हणाली, "मॅडम, ह्या कोण होत्या?"

मी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात आतली एक दुसरीला म्हणाली, "ए, सरक ना जरा, मॅडमना बसू दे." बाक छोटा होता. त्या सरकल्या. मी आत जाऊन बसले.